मूठ, नियम आणि कोवळे खांदे



हॉकी म्हटले की आपल्या ओठांवर ध्यानचंदांचे नाव येते. १९२८, १९३२ आणि १९३६ या तीन ऑलिंपिकांतील सुवर्णपदकांच्या हकिकती ऐकतच आमची पिढी वाढली. पण आज आम्ही ज्या हॉकीविषयी बोलणार आहोत ती निराळी आहे. ती बर्फावर खेळतात. खेळाडूंच्या पायांत धारदार पात्यांचे बूट असतात, चेंडूच्या जागी रबराची टणक चकती असते, आणि चकती ज्याच्याजवळ आहे त्याला खांद्याची धडक देऊन बाजूला सारणे हा त्या खेळाचा नियमाने मान्य केलेला भाग आहे. कॅनडात हा खेळ घराघरांत पोचलेला आहे. ज्याचे शाळेचे शिक्षण अर्धवट राहिले आणि ज्याचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले, अशा माणसाने त्या दूरदेशीच्या खेळात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्ही शेवटी देऊ. आधी हकीकत ऐकावी.

५ जानेवारी २०२४ रोजी शिकागोचा संघ न्यू जर्सीच्या संघाशी खेळत होता. शिकागोकडे कॉनर बेडार्ड नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. आदल्याच वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्या क्रमांकाने उचलले होते, आणि संघाची सारी आशा त्याच्यावर होती. चकती घेऊन तो वेगाने आत शिरत असता ब्रेंडन स्मिथ या अनुभवी बचावपटूने त्याला धडक दिली. मुलाचा जबडा मोडला. पंचांनी शिक्षा दिली नाही, कारण धडक नियमात बसणारी होती. तरीही शिकागोचा वडीलधारा खेळाडू निक फोलीनो स्मिथच्या अंगावर गेला आणि दोघांची मुष्टामुष्टी झाली. मुलावर शस्त्रक्रिया झाली, कित्येक आठवडे तो मैदानाबाहेर राहिला, आणि परत येऊन हंगामाअखेर त्याने सर्वोत्तम नवागताचा मानही मिळवला.

अशा प्रसंगांवरून त्या देशांतील हॉकीचे रसिक वर्षानुवर्षे हिरीरीने वाद घालत आले आहेत. त्या वादाला दोन फाटे आहेत. पहिला असा, की कोवळ्या खेळाडूला थोरांच्या मैदानात केव्हा उतरवावे? दुसरा असा, की धडक नियमाला धरून असेल, तर ती देणाऱ्याशी मारामारी करण्याचे कारणच काय? लोक हे दोन प्रश्न वेगवेगळे मांडतात. आमच्या मते ते एकाच मुळातून फुटलेले आहेत, आणि ते मूळ इतिहासात सापडते.

बंदिस्त जागेतला पहिला सुसंघटित सामना ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियलमध्ये झाला, आणि त्याचा शेवट हाणामारीत झाल्याच्या बातम्या तेव्हाच छापून आल्या. म्हणजे खेळ आणि मूठ ही भावंडे एकाच दिवशी जन्मली म्हणा ना! १९१७ साली नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. १९२२ साली तिने मारामारीला पाच मिनिटे बाहेर बसण्याची शिक्षा ठरवली. इतर बहुतेक खेळांत जो हात उगारील त्याला सामन्यातून बाहेर काढतात. येथे पाच मिनिटे बसून तो परत येतो. बंदीच्या जागी भाव ठरवला गेला. आणि ज्या वस्तूचा भाव ठरतो तिचा बाजार भरतोच.

१२ डिसेंबर १९३३ रोजी बॉस्टनमध्ये एडी शोअरने टोरांटोच्या एस बेलीला मागून पाडले. बेलीची कवटी फुटली. ते पाहून बेलीचा साथी रेड हॉर्नर याने एका ठोशात शोअरला बर्फावर आडवे केले, तोही बेशुद्ध पडला. बेली जगला, पण त्याचा खेळ संपला. १४ फेब्रुवारी १९३४ रोजी त्याच्या मदतीसाठी सामना भरवला गेला आणि तेथे त्याने शोअरशी हस्तांदोलन केले. लोकांनी डोळे पुसले. पण हॉर्नरच्या ठोशाने बेलीचे काय भले झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आता कोवळ्या मुलांकडे वळू. आपल्या तालमींत वस्तादांचा एक दंडक असतो: पोर कितीही चपळ असो, हाड पक्के झाल्याशिवाय त्याला जड जोड द्यायची नाही. कॅनडात मालकांचा दंडक वेगळा होता. त्यांना पोर पक्के होण्याआधी ते आपल्या नावावर करून घ्यायचे होते. 'सी फॉर्म' नावाच्या कागदावर मुलाची सही घेतली, की त्याचे पुढचे खेळणे एकाच संघाला बांधले जाई. बॉबी ऑर हा त्या खेळातला असामान्य पुरुष. बॉस्टनच्या माणसांनी त्याला बाराव्या वर्षी हेरले आणि १९६२ साली चौदाव्या वर्षी बांधून घेतले. त्या सौद्यात त्याच्या आईबापांच्या घराला बाहेरून गिलावा करून देण्याचीही अट होती. केवढी ही गरज, आणि केवढा हा सौदा! १९६३ साली निवडीची नवी पद्धत सुरू झाली आणि ही प्रथा हळूहळू मोडली. पुढे अठरा वर्षांची मुले निवडीला पात्र ठरली. कोवळ्या खेळाडूला नऊ सामने खेळवून पाहावे आणि जमले नाही तर कुमारांच्या लीगमध्ये परत धाडावे, दहावा सामना खेळला की कराराचे पहिले वर्ष मोजले जाते, असाही दंडक अनेक वर्षे राहिला. म्हणजे मुलगा पिकला की नाही हे ठरवताना हिशेबनीसाची वहीही उघडी असते.

सगळ्याच मुलांना हात चकतीवर चालतो म्हणून निवडत नाहीत. काहींना हात माणसांवर चालतो म्हणून निवडतात. १९७४ आणि १९७५ ही दोन्ही वर्षे फिलाडेल्फियाने दंडेलीच्या जोरावर गाजवून स्टॅन्ली चषक जिंकला. त्या संघाचा डेव्ह शुल्ट्झ १९७४-७५ च्या एका हंगामात ४७२ मिनिटे शिक्षा भोगत बसला. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. मग प्रत्येक संघाला असा एक गडी हवासा झाला. सस्कॅचवान प्रांतातला डेरेक बूगार्ड हा थोराड बांध्याचा मुलगा ऐन पंधरा-सोळाव्या वर्षी मारामारीमुळेच कुमार लीगच्या नजरेत भरला. तो मोठ्या लीगपर्यंत पोचला तो मुठीच्या जोरावर, आणि मे २०११ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारला. वेदनाशामक गोळ्या आणि मद्य यांनी त्याचा घात केला. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा वारंवार मार बसून होणारी झीज त्यात आढळली. त्याआधी, जानेवारी २००९ मध्ये, डॉन सँडरसन हा एकवीस वर्षांचा खेळाडू मारामारीत बर्फावर डोके आपटून मरण पावला होता. हे कामगार होते, सद्गृहस्थहो. मूठ हे त्यांचे अवजार होते आणि मेंदू ही त्यांची मजुरी होती.

मारामारीचे समर्थक जे म्हणतात तेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, पंचाला दोनच डोळे असतात. आमच्या हिऱ्याला कोणी हात लावला तर जबाब द्यावा लागेल हा धाक असला, तरच दांडगे लोक हात आखडतात. हे म्हणणे पोकळ नाही. जेथे कायदा दुबळा असतो तेथे माणसे आपले संरक्षण आपणच करतात. पण नियमातल्या धडकेनंतरही मूठ उगारली गेली, तर तो धाक कोणाला? ज्याने चूक केली आणि ज्याने केली नाही, त्या दोघांना सारखीच शिक्षा मिळू लागली, की शिक्षेला अर्थ उरत नाही.

शिवाय नियम म्हणजे काही डोंगर नव्हे. २६ मे २००० रोजी न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सने फिलाडेल्फियाच्या एरिक लिंड्रॉसला खांद्याची धडक दिली. डोक्याच्या दुखापतींतून तो नुकता मैदानात परतला होता. तो बर्फावर निपचित पडला आणि पुढचा सबंध हंगाम खेळू शकला नाही. तेव्हाच्या नियमांनी ती धडक निर्दोष होती, म्हणून शिक्षा झाली नाही. पुढे २०१० साली डोक्याला लक्ष्य करणाऱ्या आंधळ्या बाजूच्या धडकांवर नियम झाला, आणि नंतर तो अधिक कडक झाला. आधीच्या नव्वद वर्षांतल्या ठोशांनी डोक्याला जे संरक्षण मिळाले नव्हते, ते देण्याची सुरुवात एका कलमाने केली.

मुलांच्या बाबतीतही असेच घडले. क्वेबेकमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांना धडकेची बंदी होती, आल्बर्टात मुभा होती. संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली, आणि २०१० साली निष्कर्ष आला की मुभा असलेल्या प्रांतात मेंदूला हादरा बसण्याचा धोका तिपटीहून अधिक आहे. लवकर धडका खाल्ल्याने मूल टणक होते, ही समजूत तेथे उघडी पडली. अमेरिकेने २०११ साली आणि कॅनडाने २०१३ साली त्या वयोगटात धडक बंद केली. क्वेबेकच्या कुमार लीगने २०२३ पासून मारामारी करणाऱ्यास सामन्यातून बाहेर काढण्याचा नियम केला. मोठ्या लीगमध्येही २००८-०९ च्या हंगामात सातशेहून अधिक मारामाऱ्या झाल्या होत्या, त्या २०१८-१९ मध्ये तीनशेच्या आत आल्या.

आता आमच्या जिव्हाळ्याचा भाग. १९५७ साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभारली. हा गृहस्थ मैदानात अत्यंत रागीट आणि दांडगा म्हणून ओळखला जाई. मॉन्ट्रियलचा डग हार्वे हा त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी. पण निवृत्तिवेतनाच्या समितीवर दोघे शेजारी बसले. खेळाडूंच्या पगारातून दरसाल ९०० डॉलर त्या निधीत जात, आणि मालक हिशेब दाखवीनात. बर्फावर एकमेकांना आपटणारी माणसे तेव्हा चोरून भेटू लागली. आपले खरे भांडण कोणाशी आहे, हे त्यांना उमगले. लिंडसेचा तो हंगाम उत्तम गेला होता, तरी त्याला उचलून शिकागोला धाडले. टोरांटोच्या जिमी थॉमसनलाही शिकागोचीच वाट दाखवली. डेट्रॉइटच्या खेळाडूंनी कच खाल्ली आणि संघटना मोडली. परंतु १९५८ च्या तडजोडीत ७,००० डॉलर किमान वेतन आणि निवृत्तिवेतनात वाढ एवढे पदरात पडले. १९६७ साली संघटना पुन्हा उभी राहिली. तिचा पुढारी अ‍ॅलन ईगलसन याने मात्र खेळाडूंनाच फसवले आणि १९९८ साली तो तुरुंगात गेला. आम्ही पुढाऱ्यांनी हेही विसरू नये. २०१० साली खेळाडूंच्या मतांनी दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला लिंडसेचे नाव देण्यात आले, ते पाहायला तो हयात होता.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात प्रेसवर एका शिकाऊ पोराची दोन बोटे गेली. त्याला त्या यंत्रावर बसवण्याची वेळ आली नव्हती, आणि यंत्राला संरक्षक जाळीही नव्हती. त्याच्या शेजारच्या फिटरने फोरमनच्या कानशिलात लगावली. फिटर निलंबित झाला. आम्ही फाटकावर सभा भरवून त्याला हार घातला, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलो. जाळीची मागणी करायची राहून गेली. सहा महिन्यांनी त्याच प्रेसवर दुसऱ्या पोराचे बोट गेले. त्यानंतर आम्ही लेखी मागणी केली, पाठपुरावा केला, आणि जाळी बसली. त्या दुसऱ्या बोटाचा दोष आम्ही आजवर फोरमनवर टाकू शकलो नाही. तो आमच्याकडे आहे.

म्हणून बर्फावर मूठ उगारणाऱ्या फोलीनोला आम्ही हसत नाही. मुलावरची त्याची माया खरी आहे. पण मुलाला जबडा हवा होता, सूड नको होता. श्रोतेहो, आपल्या आखाड्यात, कारखान्यात, घरात कोवळ्या खांद्यांवर भार येईल तेव्हा कोणी मूठ उगारली तर त्याला अवश्य समजून घ्या. पण हार घालून घरी जाऊ नका. जाळी बसली की नाही, ते पाहून मग जा.