स्वस्त डिस्कांचं कुळ

अनेक डिस्क एकत्र जुंपण्याच्या ‘रेड’ (RAID) या तंत्राच्या नावातल्या ‘आय’चा मूळ अर्थ होता ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, म्हणजे स्वस्त. आज या डिस्कांचा कारभार सांभाळणारी कंट्रोलर कार्डं विकणाऱ्या कंपन्या त्या जागी ‘इंडिपेंडंट’ लिहितात. सर्व्हरचा महागडा माल विकताना ‘स्वस्त’ हा शब्द अडचणीचाच होता. पण तो गेला आणि त्याच्याबरोबर या तंत्राच्या जन्माचं कारणही विस्मरणात गेलं.

गोष्ट कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाची. प्रोसेसर वर्षागणिक वेगवान होत होते, डिस्क मात्र मागे रेंगाळत होती. मोठ्या संगणकांना आयबीएम 3380सारखी अवाढव्य डिस्क लागे: 14 इंची तबकड्या, 7,500 मेगाबाइट साठा, 6,600 वॅट वीज. दुसरीकडे पर्सनल कॉम्प्युटरसाठी कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क निघाली होती, 100 मेगाबाइटची, 10 वॅटवर चालणारी. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी हिशेब मांडला. अशा 75 लहान डिस्क एकत्र जुंपल्या तर साठा तेवढाच मिळेल, वीज कमी लागेल आणि माहिती कितीतरी पटींनी वेगात ये-जा करेल.

हिशेबात एकच खोट होती. दोन्ही डिस्कांचं सरासरी आयुष्य 30,000 तास सांगितलं जाई. पण 100 डिस्क एकत्र आल्या की त्यांतली कुठली तरी एक सरासरी 300 तासांत जाणार, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. रेडमधल्या सुरक्षेची सगळी विद्या इथून उगवली. त्यांना हवा होता स्वस्त वेग. दोष पचवण्याची ताकद ही त्याची अट होती. 1988 साली सिग्मॉड या डेटाबेसवरच्या परिषदेत त्यांनी निबंध वाचला आणि पाच पातळ्या मांडल्या.

यातली कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. एकच माहिती दोन डिस्कांवर लिहिणं टँडेम कंपनीच्या नॉनस्टॉप संगणकांत आधीच रुळलं होतं. गेलेल्या साठ्यातली माहिती उरलेल्यांवरून परत उभी करण्याचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना 1978 सालीच मिळालं होतं. बर्कलीकरांनी या विखुरलेल्या भावंडांना एक घर आणि एक आडनाव दिलं.

मला मात्र या निबंधातलं सर्वांत देखणं वाटतं ते दुसऱ्या पातळीवरून तिसरीवर येणं. मेमरीतला एखादा बिट चुकला तर कुठला चुकला हे आधी शोधावं लागतं. दुसऱ्या पातळीत त्यासाठी हॅमिंग कोड, म्हणजे चुकलेली जागा दाखवणारी जादा बिटांची रचना, आणि बऱ्याच जादा डिस्क लागतात. पण बंद पडलेली डिस्क लपून राहत नाही. कोण गेलं हे कंट्रोलरला कळतंच, मग प्रश्न उरतो फक्त काय गेलं याचा. म्हणून तिसऱ्या पातळीत एकच जादा डिस्क पुरते. समजा तीन डिस्कांवर 1, 0, 1 आहे. एकूण एकांची संख्या सम राहावी म्हणून चौथीवर 0 लिहायचा. मधली डिस्क गेली, तरी उरलेल्या 1, 1 आणि 0 वरून तिथे 0 होता हे निघतं. हीच पॅरिटी. पाचव्या पातळीत ती एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटली, म्हणजे प्रत्येक लिखाणासाठी एकाच दारात रांग लागत नाही.

पण लहानसा बदल लिहायलाही जुनी माहिती आणि जुनी पॅरिटी वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायच्या: एका कामाची चार कामं. हा भार पेलायला स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी असलेलं कार्ड आलं. माहिती आधी मेमरीत घ्यायची, डिस्कवर सवडीने उतरवायची. नेमकी मधेच वीज गेली तर? माहिती नवी आणि पॅरिटी जुनी, असा बेबनाव राहतो आणि पुढे एखादी डिस्क गेली की चुकीची माहिती परत येते. म्हणून कार्डाला बॅटरी जोडली गेली.

डिस्क मोठ्या झाल्या तशी एक पॅरिटीही अपुरी पडू लागली. साध्या डिस्कांच्या तपशिलात साधारण 12.5 टेराबाइट वाचनामागे एखादी न वाचता येणारी जागा गृहीत धरलेली असते, आणि गेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना उरलेल्या सगळ्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. म्हणून सहाव्या पातळीत दोन डिस्कांचं जाणं सोसणारी दुहेरी पॅरिटी आली.

चुकून पुसलेली फाइल मात्र यातली कुठलीच पातळी परत देत नाही. पुसणंही सगळ्या डिस्कांवर तितक्याच इमानाने नोंदलं जातं. तुमच्या कचेरीत सर्व्हर असेल, तर कार्डाची बॅटरी जिवंत आहे का ते आजच पाहा, आणि बॅकअप वेगळ्या इमारतीत ठेवा.