मदनमहाल आणि भाला

जबलपूरचा मदनमहाल एका प्रचंड खडकावर उभा आहे. गोंड राजांची ही वास्तू महाल म्हणावा एवढी मोठी नाही. टेहळणीची चौकीच म्हणा ना! तिथे उभे राहिले की मनात तलवारी खणखणू लागतात. वस्तुतः याच राजकुळातील राणी दुर्गावती १५६४ साली आसफखानाशी हत्तीवरून लढली, तेव्हा तिला घायाळ केले ते दुरून आलेल्या बाणांनी. रणात अंतराला मोल असते.

भाल्याचे बळ हेच. तलवारीला हातभराहून लांब पोलाद आणि कसबी लोहार हवा; भाल्याला वीतभर फाळ आणि चिवट बांबू पुरे. गरीब शिपायालाही तो परवडे. शिवाय तलवारीच्या टप्प्यात येण्यापूर्वीच शत्रूच्या छातीशी फाळ भिडे. मराठ्यांच्या विट्याला तर दोरी असे. फेकलेला विटा परत ओढून घेता येई. शत्रू फाळाच्या आत शिरला, की मात्र लांब दांडा अडचणीचा. मग कमरेची तलवार उपसावी लागे.

पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ साली इंग्रजांकडे गेला. भवानी तलवारीचे नाव पोराठोरांना ठाऊक आहे. एखाद्या भाल्याचे नाव मी अजून ऐकलेले नाही.