शिक्कामोर्तब

‘मंत्रिमंडळाने प्रस्तावावर शिक्कामोर्तब केले’ असे वाक्य आपण सहज वाचून जातो. पण या एका शब्दात दोन वेगळे ठसे आहेत.

शिवकालीन मोडी पत्र पाहा. माथ्यावर शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा, संस्कृतातली. तो शिक्का. मग खाली घसरत जाणाऱ्या ओळी, आणि मजकूर जिथे संपतो तिथेच, अगदी शेवटच्या अक्षराला चिकटून, एक छोटा ठसा: इथे मर्यादा शोभते, अशा अर्थाचा. हे मोर्तब. त्याच्यापुढे कुणालाही एक अक्षर घुसडता येऊ नये, म्हणून. ‘मर्यादा’ या शब्दाचा इतका नेमका वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

‘शिक्का’ अरबी ‘सिक्का’वरून आला, त्याचा अर्थ नाण्याचा साचा. ‘मोर्तब’ म्हणजे अरबी ‘मुरत्तब’, रीतसर लावलेले. ‘रुतबा’ त्याच धातूतला. रघुनाथ पंडितांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी हा जोडशब्द मराठीने सोडला नाही. मला त्याचा आनंदच वाटतो. नुसता ‘शिक्का’ मारून हुकूम सुरू होतो. तो पुरा व्हायला मोर्तब लागते.