सही खरी की खोटी?



आमच्या वाचक गटातल्या एका ताईंनी परवा रद्दीच्या दुकानातून ‘स्मृतिचित्रे’ आणले. आतल्या कोऱ्या पानावर निळ्या, वळणदार अक्षरांत नाव लिहिलेले होते, लक्ष्मीबाई टिळक. ताई हरखून गेल्या. पुस्तक हातोहाती फिरले. कुणी त्या नावावरून बोट फिरवले, एकीने तर पुस्तक कपाळाला लावले. मग कुणीतरी विचारले, “पण ही सही खरी कशावरून?” सगळ्या गप्प झाल्या. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही शेवटी सांगू. आधी सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये घडलेली एक हकिगत ऐका.

तिथे सॅम्युअल आयर्लंड नावाचे गृहस्थ राहत. चित्रे कोरून छापणे हा त्यांचा व्यवसाय आणि जुन्या वस्तू जमवणे हा नाद. नाटककार शेक्सपिअर म्हणजे त्यांचे दैवत. संध्याकाळी ते घरच्यांना त्याची नाटके वाचून दाखवत. त्याच्या हातची एक ओळ मिळाली, तरी आपली सगळी दुर्मिळ पुस्तके देऊन टाकीन, असे ते म्हणत. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. त्याच्या म्हणून आज सर्वमान्य असलेल्या सह्या फक्त ६ आहेत आणि त्या सगळ्या कायदेशीर कागदांवर आहेत.

सॅम्युअलचा मुलगा विल्यम हेन्री तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. एका वकिलाकडे तो काम शिकत होता. घरात आणि शाळेत त्याची गणना ‘ढ’ मुलांत. वडिलांनी आपल्याला एकदा शाबासकी द्यावी, एवढीच त्याची आस.

त्याने पहिला प्रयोग केला तो एका जुन्या पुस्तकावरच. ते पुस्तक एलिझाबेथ राणीला अर्पण केलेले होते. त्याने लेखकाच्या नावाने राणीला एक पत्र लिहिले आणि त्या पुस्तकात घालून वडिलांना दिले. वडील खूश झाले. मुलाची भीड चेपली. एका बाइंडिंगवाल्याकडच्या कामगाराने त्याला तीन द्रव मिसळून शाई करून दिली. लिहिताना ती फिकी दिसे, विस्तवापुढे धरली की जुन्यासारखी तपकिरी होई. कागदासाठी त्याने एका पुस्तकविक्रेत्याकडून जुन्या ग्रंथांतली कोरी पाने विकत घेतली.

डिसेंबर १७९४ मध्ये त्याने वडिलांपुढे एक दस्त ठेवला. त्यावर शेक्सपिअरची सही होती. छापील पुस्तकातला तिचा नमुना पाहून त्याने ती गिरवली होती. “कुठे मिळाला?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “एका श्रीमंत गृहस्थांकडे, पण त्यांना आपले नाव कळू द्यायचे नाही.” पुढे पत्रे आली, बायकोला पाठवलेली केसांची बट आली, एक अख्खे नाटक आले. जुनी पुस्तकेही आली. त्यांवर शेक्सपिअरची सही आणि समासात त्याच्या नावाने केलेली टिपणे! फेब्रुवारी १७९५ मध्ये सॅम्युअलने घरातच प्रदर्शन मांडले. जेम्स बॉस्वेल हा नामवंत चरित्रकार तर त्या कागदांपुढे गुडघे टेकून त्यांचे मुके घेऊन गेला.

एडमंड मलोन हा विद्वान मात्र भुलला नाही. मार्च १७९६ मध्ये त्याने चारशेहून अधिक पानांचे पुस्तक काढून एकेक कागद तपासला. एलिझाबेथ राणीने शेक्सपिअरला लिहिलेल्या म्हणवणाऱ्या पत्रावर ‘ग्लोब’ नाटकगृहाचा पत्ता होता, आणि आत लॉर्ड लेस्टर सोबत येणार असल्याचा उल्लेख. लेस्टर वारला १५८८ मध्ये, आणि ग्लोब उभे राहिले १५९९ मध्ये! साउदॅम्प्टन या सरदाराचे पत्र विल्यमने डाव्या हाताने लिहिले होते, कारण त्याचे खरे अक्षर त्याने कधी पाहिलेच नव्हते. मलोनने ते खरे अक्षर शोधून शेजारी ठेवले. दोघांत काही मेळ नव्हता.

२ एप्रिलला ते बनावट नाटक रंगमंचावर आले आणि प्रेक्षकांच्या हशात बुडाले. त्याच वर्षी विल्यमने छापील कबुली दिली. पण खरी जखम पुढेच आहे. वडिलांनी ती कबुली मानलीच नाही. आपल्या या मंद मुलाच्या हातून एवढे होणेच शक्य नाही, अशी त्यांची खात्री होती. १८०० मध्ये ते वारले, ते कागद खरे मानूनच. शाबासकीसाठी मुलाने एवढा खटाटोप केला, पण श्रेय मिळाले ते शेक्सपिअरला.

मैत्रिणींनो, यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. सही तपासताना आधी आपली ओढ तपासावी. सॅम्युअलला दृष्टी कमी नव्हती, आयुष्यभर जुन्या वस्तू पारखल्या होत्या त्याने. पण त्याला ती सही हवी होती, म्हणून नाव लपवणाऱ्या गृहस्थाबद्दल त्याने फार खोदून विचारले नाही.

मग पुस्तक हाती आल्यावर काय पाहावे? पहिल्यांदा साल. ही आवृत्ती छापली तेव्हा लेखक हयात होता का? दुसरे, पुस्तक कुणाकडून कुणाकडे आले, ते विचारावे. तिसरे, अक्षराची चाल. स्वतःची सही माणूस एका झटक्यात करतो, गिरवणारा अडखळतो, मध्येच पेन उचलतो. चौथे, शाई. जुना कागद सैल झालेला असतो, त्यावर नव्याने लिहिले की शाई बऱ्याचदा फुटते.

आता ताईंच्या पुस्तकाकडे येऊ. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. ताईंची प्रत सगळे भाग एकत्र केलेली, म्हणजे त्यानंतरचीच. शिवाय अक्षरे बॉलपेनची होती, आणि बॉलपेन बाजारात आले १९४५ च्या सुमारास. तेव्हा ती सही लक्ष्मीबाईंची नाही. पण म्हणून ती लबाडीच, असेही नाही. कुणी वाचकाने प्रेमाने लेखिकेचे नाव लिहिले असेल, किंवा त्याच नावाची दुसरी कुणी बाई त्या पुस्तकाची मालकीण असेल.

ताई जरा हिरमुसल्या. मग आमच्यातल्या आजी म्हणाल्या, “बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. मग त्यांची सही कुठं शोधशील?” खरेच आहे. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकात आली १९५२ मध्ये. त्यांच्या सहीचे पुस्तक निघूच शकत नाही, तरी ती गाणी त्यांचीच, याबद्दल आपल्याला शंका नाही. मुलाने आणि घरच्यांनी ती ऐकून लिहून ठेवली, ती वाट आपल्याला माहीत आहे.

ताईंनी ते नाव खोडले नाही. त्याखाली पेन्सिलीने लिहिले, ‘ही लेखिकेची सही नाही,’ आणि पुस्तक गटाच्या कपाटात ठेवले. सध्या ते वाचायला चौथ्या घरी गेले आहे.