शाळेची भीती आणि पालकांचे मन

शाळेची वेळ जवळ आली की पोट दुखते, डोके जड होते, ओकारी येते. वेळ टळली की तेच मूल खेळू लागते. रविवारी तक्रार नसते. पालक याला ढोंग समजतात, परंतु मुलाचे दुखणे खरे असते. शाळा बुडवून बाहेर भटकणारे मूल घरापासून ते लपवते. शाळेला भिणारे मूल मात्र घरच्यांच्या डोळ्यांदेखत घरातच थांबते.

१९४१ साली अमेरिकेत ॲडलेड जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला 'स्कूल फोबिया' हे नाव दिले. भीती शाळेपेक्षा आईपासून दुरावण्याची अधिक असते, असा निष्कर्ष पुढे निघाला. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९७३ मधील ग्रंथात अशा कुटुंबांचे चार प्रकार सांगितले. एकात स्वतः चिंताग्रस्त असलेले पालक मुलाला सोबतीसाठी नकळत घरी ठेवून घेतात. दुसऱ्यात, आपल्या माघारी आईचे वा वडिलांचे बरेवाईट होईल या धास्तीने मूलच घर सोडत नाही. रडणाऱ्या, अबोल झालेल्या किंवा जीव देण्याची भाषा करणाऱ्या पालकावर ते जणू पहारा देत असते. अशा मुलाला ओढत शाळेत नेले तर शाळेतही त्याचे चित्त घरीच राहते.

तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे जळगाव जिल्ह्याला लागून असलेले यंत्रमागांचे शहर. खंडव्यापासून वेगळे होऊन २००३ मध्ये ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. माग बंद पडला की मजुरी थांबते, आणि वडिलांची विवंचना लहान घरात मुलापासून लपत नाही. मात्र येथे घाईने पालकांकडे बोट दाखवणेही चूक ठरेल. घरी मराठी आणि शाळेत हिंदी, अशा मुलाची भीती निव्वळ भाषेची असू शकते. वर्गातील मारहाण व चिडवणूक यांची चौकशी तर आधी व्हायला हवी; शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे.

पालकांचा आजार हा दोष नव्हे, आणि दुर्मीळही नव्हे. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के मातांना प्रसूतीनंतरचे नैराश्य आढळले होते. गोव्यातील 'संगथ' या संस्थेने पुढे मध्य प्रदेशच्या सिहोर जिल्ह्यात सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये मानसिक उपचार पोहोचविण्याच्या प्रकल्पात काम केले. तेथे उघडलेल्या 'मनकक्षा'ची कल्पना राज्य सरकारने जिल्हा रुग्णालयांत नेली.

पालकांच्या उपचाराचा लाभ मुलाला होतो, यास आधार आहे. मायर्ना वाइसमन यांच्या २००६ मधील अमेरिकी अभ्यासात १५१ माता व त्यांची मुले होती. ज्या मातांचे नैराश्य तीन महिन्यांत ओसरले, त्यांच्या मुलांमधील मनोविकारांचे प्रमाण ११ टक्क्यांनी घटले. ज्यांचे ओसरले नाही, त्यांच्या मुलांत ते ८ टक्क्यांनी वाढले.

मुलाला महिनोन्‌महिने घरी ठेवणे घातक, कारण प्रत्येक टाळलेला दिवस भीती पक्की करतो. शारीरिक आजार नाही याची डॉक्टरांकडून खात्री झाली की पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, मग एक तास, मग अर्धा दिवस, असे परतणे ठरवावे. शिक्षकांना आधी कल्पना द्यावी. निरोप घेताना रेंगाळू नये. न्यायला कोण आणि केव्हा येणार हे सांगून ती वेळ कटाक्षाने पाळावी. "शाळेत काय झाले?" एवढ्यावर न थांबता "तू शाळेत असताना घरी काय होईल असे तुला वाटते?" असेही मुलाला विचारावे. उत्तरात आई किंवा बाबांचे नाव आले तर तपासणी दोघांची व्हावी. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसल्यास सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.