दोन वर्षांच्या अंतराने ठरलेले नाव

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात काँ शहरापासून समुद्रापर्यंत एक कालवा जातो. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यात चुन्याच्या बारीक नळ्यांचे दाट पुंजके आढळले. प्रत्येक नळीत एक वलयांकित कृमी राहत होता. प्राणिशास्त्रज्ञ पिअर फोव्हेल यांनी १९२३ मध्ये त्याला ‘मर्सिएरेला एनिग्मॅटिका’ असे नाव दिले. नावाचा उत्तरार्ध ‘कोडे’ सुचवतो. हा प्राणी आला कोठून, हेच ते कोडे होते.

असा कृमी डोक्यामागील गळपट्टीतून चुना स्रवतो आणि तोंडाच्या बाजूने नळी वाढवत नेतो. डोक्यावरील पिसासारखा तुरा पाण्यातील सूक्ष्म अन्नकण टिपतो. श्वसनही त्याद्वारेच होते. तुऱ्यातील एका तंतूचे झाकणात रूपांतर झालेले असते. धोका जाणवताच प्राणी क्षणार्धात आत जातो आणि झाकणाने नळीचे तोंड बंद होते. प्रौढ कृमी जागा सोडत नाही. त्याचे डिंभ मात्र मुक्तपणे पोहतात. ते जहाजाच्या तळाला चिकटून वाढले, की ती जाती परक्या बंदरात पोहोचते.

या कोड्याचा एक धागा भारतात होता. नेल्सन अॅनन्डेल आणि स्टॅन्ली केम्प यांनी चिल्का सरोवराची पाहणी केली होती. तिच्यातील कृमींचा अभ्यास रोलँड सदर्न यांनी केला. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या प्रबंधात भारतातील इतर मचूळ व गोड्या पाण्यातील कृमीही होते. त्यात त्यांनी ‘फिकोपोमॅटस’ ही नवी प्रजाती, म्हणजे निकटच्या जातींचा गट, स्थापन केली.

१९७८ मध्ये टेन होव्ह आणि वीर्डेनबर्ग यांनी शरीररचनेची तुलना करून ‘मर्सिएरेला’सह चार प्रजाती ‘फिकोपोमॅटस’मध्ये विलीन केल्या. एकाच गटाला अनेक नावे असल्यास सर्वांत जुने ग्राह्य धरतात. म्हणून नॉर्मंडीतील कृमी आज ‘फिकोपोमॅटस एनिग्मॅटिकस’ म्हणून ओळखला जातो. विशेष म्हणजे ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतील बहुशूक कृमींवरचा १९५३ चा ग्रंथ याच फोव्हेल यांनी लिहिला.

या जातीच्या मूलस्थानाविषयी आजही मतभेद आहेत. अर्जेंटिनाच्या मार चिकिता खाजणात तिने चुन्याचे विस्तीर्ण थर उभारले आहेत. कोणता जीव मूळचा आणि कोणता पाहुणा, हे ठरवण्यासाठी पूर्वी तेथे काय होते याची नोंद लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या अशा प्राणिसूचींचे मोल म्हणूनच आजही टिकून आहे.