पासवर्ड चुकला की फाइल बिघडली?

पासवर्ड लावलेली झिप फाइल उलगडताना अडली, की सेव्हन-झिप जो संदेश दाखवते त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते: डेटात चूक आहे, पासवर्ड चुकला का? हा सभ्यपणा नव्हे. प्रोग्रामला खरोखरच कळलेले नसते. या अडाणीपणाचे मूळ फिल कॅट्झने 1989 मध्ये आणलेल्या पीकेझिप या झिप प्रोग्रामपर्यंत जाते. त्यातल्या एन्क्रिप्शनची रचना रॉजर श्लाफ्लीची. प्रत्येक फाइलच्या मजकुराआधी 12 बाइट जोडलेले असतात. त्यातले बहुतेक रँडम. फक्त शेवटचा बाइट सहसा मूळ मजकुराच्या सीआरसीशी, म्हणजे पडताळणीच्या आकड्याशी, ताडून बघायचा. आधी दोन बाइट ताडत, 2.0 आवृत्तीपासून एकावर आले. एका बाइटच्या किमती 256. म्हणून सरासरी दर 256 चुकीच्या पासवर्डांत एक आत घुसतो, फाइल उलगडू लागते, कचरा बाहेर पडतो आणि सीआरसी जुळत नाही. मग डाउनलोडला दोष देत माणूस तीच फाइल पुन्हा मागवतो. उलटही होते: ते 12 बाइटच खराब झाले, तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

तपासणी इतकी तोकडी ठेवायची कशाला, असे कोणी विचारेल. पण जी खूण मालकाला चटकन उत्तर देते, ती पासवर्डचे अंदाज बांधत बसलेल्या चोरालाही देते. तर्क ठीक, पाया मात्र कच्चा निघाला. मूळ मजकुराचे मोजके बाइट ठाऊक असले तर पासवर्डाविनाच किल्ल्या काढता येतात, हे एली बिहॅम आणि पॉल कोकर यांनी 1994 मध्ये दाखवले. संदिग्धतेचा भुर्दंड तेवढा मालकाच्या माथी राहिला. विनझिपच्या 2003 च्या एईएस या नव्या एन्क्रिप्शन पद्धतीत दोन बाइट ताडतात. 65,536 चुकीच्या पासवर्डांत एखादाच निसटतो. शिवाय प्रत्येक अंदाजामागे किल्ली घडवण्याच्या 1000 फेऱ्या. (आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीसारखा पासवर्ड चार अंकी असला, तर 10,000 शक्यतांपुढे या फेऱ्यांचे फारसे चालत नाही.)

मग जुनी पद्धत टिकली कशी? विंडोज 10 च्या एक्सप्लोररला एईएस झिप उलगडता येत नाही. पासवर्ड बरोबर असला तरी तो अडतो. त्यामुळे पाठवणारा कुठेही उघडेल अशी जुनी पद्धत धरतो, आणि सेव्हन-झिपमध्ये झिप बनवायला घेतली की आधीपासून निवडलेली असते तीही हीच जुनी पद्धत, झिपक्रिप्टो या नावाने.